मी तिला अडखळायला शिकवले

चौथीतल्या एका मुलीला मी मुद्दाम चुकीचे वाचायला लावले. ते मोबाईलवर टिपले आणि लोकांना पाठवले. आज हे इतक्या थोड्या शब्दांत लिहिता येते. तेव्हा मात्र मी त्याला नवोपक्रम म्हणत होतो, आणि त्या शब्दाची आज मला जितकी चीड येते तितकी कोणत्याही शिवीची येत नाही.

मी मूळचा आरमोरीकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला. नोकरीची बरीचशी वर्षे धानोरा तालुक्यात गेली, डांबरी रस्ता संपल्यानंतर जंगलातून आणखी काही मैल आत असलेल्या एका गावी. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. गावात घरोघरी गोंडी बोलतात. मुले पहिलीत येत तेव्हा त्यांना माझ्या मराठीतले ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ एवढेच कळत असे. सुरुवातीची काही वर्षे मी त्या मुलांना मंद समजत होतो, हेही इथेच कबूल करून टाकतो. पुढे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडून मी गोंडी शिकलो. मग कळले, की खोलीत एकच मंद माणूस होता आणि तो खुर्चीवर बसत होता.

मोबाईलचा मी शत्रू नव्हतो, आजही नाही. त्याच यंत्राने माझ्या हातून बरे कामही करवून घेतले. खिचडीवाल्या बाई मोहफुले कशी वेचायची, कशी वाळवायची हे गोंडीत सांगत आणि मी ते टिपून घेत असे. मुले ते ऐकत, मग जमेल तशा मराठीत पुन्हा सांगत. तेही टिपायचे आणि त्यांना ऐकवायचे. स्वतःचा आवाज ऐकून ती आधी लाजत, मग हसत, मग ‘सर, इथी चुकलं’ म्हणून आपणच थांबवत. मी लाल शाईने जे वर्षानुवर्षे करू शकलो नव्हतो ते त्या चिमुकल्या खोक्याने पंधरवड्यात केले. गावाच्या मागे एक मोठा खडक होता, तिथेच नेटवर्क येई. संध्याकाळी बायाबाप्ये त्यावर चढून आपापले फोन उंच धरत. कुणाच्या बापाच्या फोनवरून एखाद्या लेकराचे वाचन आमच्या वर्गाच्या गटावर येऊन पडे आणि मागे शेळ्यांचा आवाज असे.

त्या वाचनांतली निम्मी त्याच मुलीची असत. पहिलीत ती वर्षभर तोंड उघडत नव्हती. चौथीत तिला वाचायला मिळेल ते पुरत नसे. वनखात्याच्या पाट्या, खताच्या पोत्यावरच्या सूचना, तापाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे, काहीही. तिच्या वाचनात तिच्या बोलीचा एक हेल होता आणि तो मी जाणून तसाच राहू दिला होता. माझ्या नोकरीत मी केलेली थोडीच कामे अशी आहेत, ज्यांना हात लावायला मला लाज वाटत नाही. तिचे वाचन त्यांतले पहिले होते, आणि मी नेमका त्यालाच हात घातला.

त्या वर्षी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका प्रकारच्या चित्रफितींचे पेव फुटले होते. पडद्याचे दोन भाग. पहिल्यावर ‘पूर्वी’, दुसऱ्यावर ‘आता’. पूर्वी मूल ठेचकाळते, आता घडाघडा वाचते, मागे सनई. खाली टाळ्यांची, फुलांची, जोडलेल्या हातांची चित्रे. मुलाला काय आले यापेक्षा फीत कशी आली यावर शिक्षण परिषदेत चर्चा होऊ लागली.

या शाळांवर देखरेख करणारे आमचे केंद्रप्रमुख आमच्याकडे आले ते मार्च महिन्यात, मोहाच्या दिवसांत. अर्धी मुले पहाटेच जंगलात जाऊन दहाच्या सुमारास पिवळ्या पडलेल्या बोटांनी वर्गात येत. केंद्रप्रमुखांनी त्या मुलीचे वाचन ऐकले आणि ते मनापासून खूश झाले. माणूस वाईट नव्हता. मग चहा पिताना म्हणाले, “सर, काम तुमचं लय चांगलं हाय. पण दिसून नाई राह्यलं. याचा पूर्वीचा व्हिडिओ कुठी हाय?”

“पूर्वीचा काढलाच नाही,” मी म्हणालो. “तेव्हा ती बोलतच नव्हती.”

“मंग आता काढा ना. तिलेच थोडं अटकत अटकत वाचायले लावा. पाच मिनटांचं काम.”

“पण तिला तर येतं.”

“येते म्हणूनच जमन तिले,” ते हसून म्हणाले. “ज्याले येत नाई तो काय अॅक्टिंग करन, बाप्पा.”

मीही हसलो. माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. लोक त्याला सौजन्य समजतात. त्या दिवशी मला समजले, की अनेकदा ते केवळ होकार देण्याचे सोयीचे साधन असते.

दुसऱ्या दिवशी मी तिला व्हरांड्यात उभे केले आणि पहिलीचे पुस्तक दिले.

“हे वाच. पण पहिलीत वाचत होतीस तसं.”

“पहिलीत तर मी वाचतच नव्हती, सर.”

“म्हणजे चुकत चुकत वाच.”

“कायले?” ती म्हणाली. “मले येते ना.”

“गंमत म्हणून, बेटा.”

तिने प्रयत्न केला आणि तिला जमेना. जीभ अडखळण्याआधी डोळा शब्द गिळून मोकळा होत होता. ती हसू लागली. मी हसलो नाही. मी तिला अडखळायला शिकवू लागलो: अक्षर अक्षर तोड, काना विसर, बोट एका जागी ठेव, छताकडे पाहा. तीन वर्षे ज्या धीराने मी तिला वाचायला शिकवले होते त्याच धीराने मी ते पुसायला शिकवत होतो, आणि मला त्यात काही विपरीत वाटत नव्हते. शेवटी एक चित्र आले, नळाखाली भरणाऱ्या घागरीचे, खाली ‘पाणी’. मी म्हणालो, “इथे पाणी म्हणू नको. येर म्हण.” गोंडीत पाण्याला येर म्हणतात. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग म्हणाली, “येर.” फीत उत्तम झाली.

मी काय केले ते पुन्हा सांगतो, कारण ते एकदा सांगून पुरत नाही. ज्या भाषेच्या आधाराने ती मराठीत आली होती, तिची आई तिला जिच्यात हाक मारत होती, ती भाषा मी अज्ञानाचा पुरावा म्हणून ‘पूर्वी’ या शब्दाखाली टाकली. आणि हे करणारा मनुष्य त्या गावात गोंडी येणारे सर म्हणून ओळखला जात होता.

मग तिने ‘आता’साठी वाचले. सनई जोडली. खडकावर चढून मीच ती फीत पाठवली. टाळ्या वाजल्या. कुठल्याशा प्रशिक्षणात ती नमुना म्हणून दाखवली गेली, चंद्रपूरच्या एका सभागृहात मला शाल आणि श्रीफळ मिळाले. बोलायला सांगितले तेव्हा मातृभाषेच्या महत्त्वावर मी दहा मिनिटे बोललो. ते भाषण आठवले की आजही माझे कान तापतात.

फितीचे दोन भाग होते, आणि लोकांना एकच पुरतो हे मला ठाऊक असायला हवे होते. कुणी तरी ‘आता’ कापून टाकले आणि सनईच्या जागी खिदळण्याचा आवाज भरला. वर लिहिले, ‘सरकारी शाळेची कमाल’. खाली माणसे लोळून हसणारी पिवळी तोंडे टाकत होती. काही शिक्षकांनीसुद्धा टाकली. त्या पिवळ्या तोंडांमागची खरी तोंडे मी एकेक आठवून पाहतो, आणि मग ती फीत पुरवणारे तोंड आठवतो. धानोऱ्याच्या बसथांब्यावर दोन तरुण पाण्याची बाटली एकमेकांकडे फेकत ‘येर, येर’ म्हणताना मी स्वतः ऐकले. मी शेजारीच उभा होतो. बस आली, मी चढलो, बसलो.

मूळ फीत मी काढून टाकली, पण तोवर ती माझी राहिली नव्हती.

जूनच्या शेवटी ती पाचवीसाठी तालुक्याकडच्या एका निवासी आश्रमशाळेत गेली. दिवाळीच्या सुटीत आली ती परत गेली नाही. हे मला धान कापणीच्या दिवसांत समजले, तिचे वडील शाळेत आले तेव्हा. ते व्हरांड्याच्या कडेला बसले. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

“सर, आमच्या पोरीले वाचता येते का नाई येत?”

“येते, भाऊ. फार छान येते.”

“मंग मोबाईलात कोन हाय ते?”

मी खुर्ची बाजूला सारून त्यांच्याशेजारी खाली बसलो.

“शकल आमच्या पोरीची हाय,” ते म्हणाले. “पण ते पोट्टी दुसरीच कोनी हाय. तिले काही येत नाई.”

मग त्यांनी सांगितले. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मुलींनी तिला ओळखले. तिचे नाव पडले, येर. तिथल्या शिक्षकांनी ती फीत पाहिली होती. त्यांनी तिला वर्गाच्या मागे, वाचता न येणाऱ्यांच्या रांगेत बसवले आणि हातात मुळाक्षरांचा तक्ता दिला. तिने धडा वाचून दाखवला, तर ते म्हणाले, “पाठ केलं असन.” दुसरा धडा वाचला, तर म्हणाले, “येवढ्या लवकर कशी काय सुधारली?” त्यानंतर तिने वाचणे सोडले. आता घरीही वाचत नव्हती. गोळ्यांचे पाकीट आजीने पुढे केले, तर म्हणाली, मले नाई येत.

“आता धाडत नाई तिले,” ते म्हणाले. “धान कापते. त्यात कोनी हासत नाई.”

“मी तिकडच्या सरांना फोन करतो. समजावून सांगतो.”

“फोनवर एकट्याले सांगान. पाह्यलं तर साऱ्यानं.”

“ते मी गंमत म्हणून तिला...”

“कोनाची गंमत, सर?” त्यांचा आवाज माझ्यापेक्षाही हळू होता. “गावात बसा. तिथी सांगा. मंग पाहू पोरगी काय म्हनते.”

त्या गावात कुणाचे काही चुकले, तर गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात गाव बसते. चुकणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाने सगळे सांगायचे असते. मग ज्याचे वाईट झाले त्याला विचारतात, की सांगणे पुरे झाले का. तो हो म्हणेपर्यंत कुणी उठत नाही. मी कितीतरी बैठका कडेला बसून पाहिल्या होत्या, कौतुकाने, एखाद्या पाहुण्याच्या नजरेने. तिच्या वडिलांच्या सांगण्यावरून गाव बसले, त्या सकाळी मी मध्ये उभा होतो.

मी गोंडीत सांगितले. केंद्रप्रमुख, पुस्तक, अडखळणे, घागरीचे चित्र, खडकावरून पाठवणे, शाल, बसथांबा. काही लपवणार नाही असे ठरवून गेलो होतो. खिचडीवाल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. मी येर या शब्दाशी आलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली. माझे संपले. गावच्या पाटलांनी मुलीला विचारले, “पुरे झालं का?”

ती आईला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, “रिबिनी राहिल्या.”

मी वर हा प्रसंग लिहिला तिथे वाचकाला रिबिनी सापडणार नाहीत. मागे जाऊन पाहावे. मी त्या पुन्हा गाळल्या आहेत, आणि या वेळी विसरलो असे म्हणायलाही जागा नाही. त्या दिवशी तिने दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. आईने मोहफुलांच्या पैशांतून आणलेल्या. पूर्वीची मुलगी पूर्वीसारखी दिसावी म्हणून मी त्या स्वतःच्या हाताने सोडल्या, वेण्या उसकटल्या आणि चुलीजवळची थोडी राख तिच्या गालाला लावली. ‘आता’साठी पुन्हा रिबिनी बांधल्या. मला बांधता येत नव्हत्या, तिनेच बांधल्या.

हे मी सांगितले.  अंगणातली एक म्हातारी कुणाला उद्देशून नव्हे असे म्हणाली, “लेकराले राख फासली यानं. अन् आमी याच्या घरी भाजी पोचवली.” मुलीने मान हलवली. पुरे झाले होते.

मग तिचे वडील म्हणाले, “आता हेच मोबाईलात सांगा. फोन मी पकडतो.”

मी तेच आधी गोंडीत आणि मग मराठीत सांगितले. मुलीला दाखवले नाही, तिचे नाव घेतले नाही. केंद्रप्रमुखांनी सुचवले होते हेही घेतले नाही, कारण रिबिनी सोडणारे हात त्यांचे नव्हते. सांगणे संपल्यावर वडील माझ्यासोबत खडकावर आले आणि फीत गटावर जाईपर्यंत पडद्याकडे पाहत उभे राहिले.

ज्या गटावर सकाळी एक सुविचार आला की शंभर हात जोडले जात, तिथे कुणी एक अक्षर लिहिले नाही. बऱ्याच वेळाने कुणी तरी गुलाबाचे फूल आणि ‘शुभ दुपार’ पाठवले. त्या फुलाचा मला इतका राग आला, की फोन खाली दरीत भिरकवावा असे वाटले. तेवढ्यात तो वाजला. केंद्रप्रमुख होते.

“सर, काय करून राह्यले तुमी? डिलीट करा आधी. अजून होते साऱ्यांसाठी डिलीट.”

“नाही करत.”

“तुमची चौकशी लागन. शाल परत मागतीन.”

“देईन.”

“अन् मी? मी तुम्हाले लिहून देल्लं होतं का असं करा म्हणून?”

“नाही. तोंडी सांगितलं होतं. ते मी घेतलं नाही त्यात.”

“मेहरबानी,” ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

चौकशीचे पत्र पुढे यथावकाश आले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ते यायलाच हवे होते.

आठवड्यानंतर मी, ती आणि तिचे वडील आश्रमशाळेत गेलो. तिने येईन असे म्हटले नव्हते, नाही असेही म्हटले नव्हते. पाहून ठरवीन, एवढेच बापाला म्हणाली होती. वर्गशिक्षक तरुण होते. माझी कबुलीची फीत त्यांनी पाहिली होती आणि ते अवघडले होते.

“ये, ये बेटा,” ते म्हणाले. “आम्हाले काय माहीत, नाई का? जे दिसलं ते आम्ही धरलं.”

तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती वर्गाच्या मागच्या भिंतीकडे पाहत होती. तिथे एक कागद चिकटवलेला होता. मीही पाहिला. वाचता न येणाऱ्या मुलांची यादी होती आणि त्यात तिचे नाव अजून होते.

“हा कागद काढा,” मी म्हणालो.

“महिन्याच्या शेवटी नवीन यादी लावतो, सर. तेव्हा...”

“आत्ता काढा.”

तो आवाज माझा होता हे मला जरा उशिरा कळले. खिडकीशी मुले जमली. मी बोलत सुटलो. लेकराच्या डोक्यावर कागद चिकटवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, एकदा समोर बसवून ऐकायचे तरी होते, असे कितीतरी. प्रत्येक वाक्य खरे होते आणि प्रत्येक वाक्य चुकीच्या माणसावर पडत होते. तो बिचारा मी शिजवून पाठवलेलेच तर जेवला होता. हे मला बोलता बोलता दिसत होते, तरी थांबता येत नव्हते. बसथांब्यावर जे गिळले होते ते मी या तरुणापाशी ओकत होतो.

“सर,” ती म्हणाली, “तुमी थांबा.”

मी थांबलो.

ती भिंतीपाशी गेली. वर्गशिक्षकांनी सवयीने खिशातून मोबाईल काढला. तिने वळून पाहिले.

“मोबाईल ठेवा. मंग वाचीन.”

त्यांनी तो मेजावर पालथा ठेवला. तिने यादी वाचायला सुरुवात केली. आधी वरचा मथळा, मग इयत्ता, तुकडी, मग नावे. अकरा नावे होती, आडनावासकट. तिचे सहावे होते. ते तिने आधीच्या पाचांइतक्याच वेगाने वाचले आणि पुढे गेली. अकरावे झाल्यावर खालची बारीक सूचना वाचली, सहीखालचे पदनाम वाचले. तिच्या वाचनातला हेल तसाच होता. मागच्या रांगेतली मुले आपापले नाव आले की मान वर करत होती.

“आता काढा,” ती म्हणाली.

वर्गशिक्षकांनी नखाने कडा सोडवून कागद काढला. भिंतीचा थोडा रंग त्याबरोबर आला. ती मागच्या रांगेत गेली, त्या दहा मुलांत, आपल्या जुन्या जागेवर बसली. वर्गशिक्षक म्हणाले, “अवं, पुढं ये ना आता.”

“इथीच बसीन,” ती म्हणाली. “याईले कोन वाचून दाखवन?”

तिच्या वडिलांनी दारातूनच तिचे कपड्यांचे गाठोडे आत सरकवले.